बाळाची बेंबी फुगते, म्हणून त्याला रडूच द्यायचं नाही का?

प्रश्न : माझा मुलगा अडीच महिन्यांचा आहे. नाळ पडल्यावर काही दिवसांनी त्याची बेंबी वर यायला लागली. रडला किंवा शी करताना कुंथला की ती माझ्या अंगठ्याच्या पेराएवढी टरारून फुगते आणि त्यावरची कातडी निळसर, चकचकीत दिसते. झोपला की सपाट होते, नुसती सैल कातडी उरते. बोट लावलं तर आत गुरगुर आवाज येतो. डॉक्टरांनी बघून ‘हर्निया आहे, आपोआप जाईल’ एवढंच सांगितलं. सासूबाई म्हणतात, नाणं ठेवून पट्टा बांध, नाहीतर आतडं बाहेर येईल. नणंद म्हणते, बाळाला रडू देऊ नकोस, बेंबी फुटेल. त्यामुळे त्यानं तोंड वाकडं केलं की मी उचलते. रात्रभर खुर्चीत मांडीवर घेऊन बसते, कधीकधी तसाच डोळा लागतो. गरोदरपणात मी शेवटच्या आठवड्यापर्यंत काम करत होते, जड सामानही उचललं. त्याच्यामुळे हे झालं का? ऑपरेशन आत्ताच करून टाकलेलं बरं का?
– एक आई

उत्तर :

आधी रात्रीचं बोलू, बेंबीचं नंतर. बाळ मांडीवर आणि तुम्ही खुर्चीत, अशा वेळी तुमचा डोळा लागतो, हे वाचून मला त्या हर्नियापेक्षा जास्त काळजी वाटली. दमलेल्या माणसाच्या मांडीवरून किंवा छातीवरून झोपलेलं बाळ नकळत घसरतं. त्याचं तोंड कपड्यात किंवा खुर्चीच्या कडेत दबतं, मान पुढे वाकते आणि श्वास कोंडतो. इतक्या लहान बाळाला आपलं डोकं उचलून बाजूला करता येत नाही. हा धोका खरा आहे. बेंबीच्या हर्नियानं अडीच महिन्यांच्या बाळाला गंभीर इजा होणं ही त्या मानानं फार विरळ गोष्ट. म्हणून आज रात्रीपासून बाळाला पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर, उशी न देता, त्याच्या स्वतःच्या जागी झोपवा. खाली ठेवताना ते रडेल. रडलं तर बेंबी फुगेल, आणि फुगू दे.

हे मी इतक्या ठामपणे का म्हणते आहे, ते कळायला आत काय चाललंय ते माहीत हवं. पोटात असताना बाळाला सगळं पोषण नाळेतून मिळतं. त्या नाळेतल्या रक्तवाहिन्या बाळाच्या पोटाच्या भिंतीतून आत शिरतात, आणि त्यासाठी स्नायूंच्या मधोमध एक गोल वाट असते. जन्मानंतर नाळ वाळून गळून पडते, रक्तवाहिन्यांचं काम संपतं, आणि बटव्याची दोरी हळूहळू ओढावी तसं त्या वाटेचं कडं चहूबाजूंनी आवळत जातं. बऱ्याच बाळांमध्ये हे काम पहिल्या काही आठवड्यांतच उरकतं. काहींमध्ये ते रेंगाळतं. कडं मोकळं असेपर्यंत पोटात दाब वाढला की पोटाचं आतलं अस्तर, आणि त्यात कधी आतड्याचा एखादा वेढा, त्या वाटेतून कातडीखाली येतो. दाब उतरला की परत आत जातो. बोट लावल्यावर तुम्हाला जी गुरगुर ऐकू येते ती आतड्यातली हवा आणि पातळ पदार्थ सरकल्याची. ऐकायला भीतीदायक वाटतं हे मला मान्य आहे, पण सहज आत जातंय याची ती खूणच आहे.

म्हणजे सासूबाई म्हणतात ते आतडं ‘बाहेर’ येतं ते कातडीच्या आतच. बेंबीवरची ती चकचकीत कातडी पातळ दिसते, तरी ती धड, पूर्ण कातडी आहे. ताणल्यामुळे ती निळसर दिसते. रडून बेंबी फुटल्याच्या घटना इतक्या दुर्मीळ आहेत की त्या धास्तीनं बाळाला रात्रंदिवस कडेवर घ्यायला कोणताही डॉक्टर सांगणार नाही.

रडण्यामुळे हर्निया होत नाही. कडं आधीपासूनच मोकळं असतं, रडताना ते फक्त दिसतं. रडण्यानं ते कडं रुंदावत नाही आणि बाळाला गप्प ठेवल्यानं लवकर मिटतही नाही. आणखी एक गैरसमज मला पालकांकडून वरचेवर ऐकायला मिळतो : बेंबी फुगल्यामुळे दुखतं, म्हणून बाळ रडतं. बहुतेक वेळा क्रम याच्या उलट असतो. बाळ भुकेनं, झोपेनं, ओल्या दुपट्यानं किंवा नुसतंच रडतं, आणि त्या रडण्यानं बेंबी फुगते. साध्या, मऊ, आतबाहेर होणाऱ्या हर्नियाचं बाळाला काही वाटत नाही. तेव्हा रडताना बेंबीकडे बघत बसू नका. दूध हवंय का, ढेकर अडकलाय का, लंगोट ओला आहे का, हे बघा. जवळ घ्यावंसं वाटलं तर जरूर घ्या, पण ते मायेपोटी घ्या, बेंबीच्या धाकानं नको.

तुमची गाठ पडली आहे तीही नेमक्या वाईट वेळेशी. बाळांचं रडणं साधारण सहाव्या आठवड्याच्या सुमाराला सगळ्यात जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांचं होईपर्यंत बरंच उतरतं. बेंबीचा फुगाराही पहिले काही महिने वाढताना दिसू शकतो आणि मग हळूहळू कमी व्हायला लागतो. दोन्ही एकाच वेळी येतात, त्यामुळे घरातल्या सगळ्यांना वाटतं की रडून रडूनच बेंबी वाढली. पुढच्या काही आठवड्यांत ती अजून थोडी मोठी दिसली, तरी तेवढ्यावरून काही बिघडलं असं समजू नका.

आता तुमच्या मनाला लागून राहिलेला प्रश्न. नाही, गरोदरपणात काम केल्यामुळे हे झालेलं नाही. जड उचलल्यामुळेही नाही. तुम्ही जे काही उचललंत त्याचा ताण तुमच्या पोटावर आला असेल, बाळाच्या पोटाच्या भिंतीवर नाही. नाळ कशी कापली, कुठे बांधली, किती लांब ठेवली, यावरही हे अवलंबून नसतं, तेव्हा प्रसूती करणाऱ्यांनाही बोल लावू नका. महिने पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या आणि कमी वजनाच्या बाळांमध्ये हा हर्निया कितीतरी जास्त आढळतो, कारण त्यांना हे कडं मिटायला पुरेसा वेळच मिळालेला नसतो. आफ्रिकी वंशाच्या बाळांमध्येही त्याचं प्रमाण जास्त असतं. पण महिने भरलेल्या, अगदी धडधाकट बाळांमध्येही तो सर्रास दिसतो. मुलगा-मुलगी असा फरक नाही. यात कोणाची चूक शोधण्यासारखं काही नाही, तुमची तर नाहीच.

बेंबी बाहेरून किती मोठी दिसते याला आम्ही डॉक्टर फारसं महत्त्व देत नाही. महत्त्व आहे ते कातडीखालच्या त्या कड्याच्या रुंदीला. बाळ शांत झोपलेलं असताना डॉक्टर बोटाचं टोक बेंबीवर ठेवतात, फुगार अलगद आत जातो आणि बोटाला त्या वाटेची गोल, घट्ट कड लागते. टोकच जेमतेम आत जातं, की अख्खं बोट सहज जातं, यावरून पुढचा अंदाज बांधता येतो. वाट साधारण 1 सेंटिमीटरच्या आत असेल तर ती आपोआप मिटण्याची शक्यता फारच चांगली. 1.5 ते 2 सेंटिमीटरच्या वर असेल तर वेळ जास्त लागतो आणि पुढे टाके घालावे लागण्याची शक्यता वाढते. कधीकधी फुगार चांगला लांब, सोंडेसारखा लोंबतो आणि खाली वाट मात्र इवलीशी असते. उलट, बाहेरून जेमतेम उंचवटा दिसणाऱ्या एखाद्या बाळाची वाट रुंद निघते. म्हणून शेजारच्या बाळाच्या बेंबीशी तुमच्या बाळाची तुलना करण्यात अर्थ नाही.

पुढच्या तपासणीला गेलात की ‘वाट किती सेंटिमीटर आहे, ते फाइलवर लिहून द्याल का?’ असं सरळ विचारा. ‘आपोआप जाईल’ हे उत्तर बरोबरच आहे, पण आकडा लिहिलेला असला की सहा महिन्यांनी, वर्षानं ‘कमी झालं की नाही’ यावर घरात वाद होत नाहीत. एक-दोन फोटोही काढून ठेवा, एक रडतानाचा आणि एक झोपेतला. तपासायच्या वेळी बाळं हमखास शांत असतात आणि डॉक्टरांना फुगार बघायलाच मिळत नाही.

आपोआप म्हणजे कधी? पुष्कळ बाळांमध्ये पहिल्या-दुसऱ्या वर्षात. काहींमध्ये तीन-चार वर्षंही लागतात. दहांपैकी आठ-नऊ मुलांमध्ये शाळेच्या वयापर्यंत ते मिटलेलं असतं. म्हणूनच ‘आत्ताच ऑपरेशन करून टाकलं तर?’ या प्रश्नाचं माझं उत्तर स्पष्ट ‘नको’ असं आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनंही आपल्या डॉक्टरांना हेच सांगितलं आहे, की बेंबीचा साधा हर्निया असलेल्या मुलाला चार-पाच वर्षांच्या आधी सर्जनकडे पाठवायची घाई करू नये. जे निसर्ग फुकटात करून देणार आहे त्यासाठी तान्ह्या बाळाला पूर्ण भूल कशाला द्यायची? चार-पाच वर्षांचं झाल्यावरही वाट उघडी राहिली, किंवा ती फारच रुंद असून कमी व्हायचं लक्षणच नसलं, तर लहान मुलांच्या सर्जनला दाखवायचं. ते ऑपरेशन छोटं असतं. बेंबीच्या खालच्या वळीत एक अर्धगोल छेद, वाटेला आतून विरघळणारे टाके, आणि बेंबी परत आत बसवायची. मूल साधारण त्याच दिवशी घरी येतं आणि व्रण बेंबीच्या घडीत लपून जातो. मोठ्या माणसांच्या हर्नियात वापरतात तशी जाळी लहान मुलांना सहसा लागत नाही.

आता नाण्याचं. तुमच्या सासूबाईंनी हे नुसतं ऐकलेलं नसेल, त्यांनी ते केलेलंही असेल आणि बेंबी आत गेलेलीही पाहिली असेल. त्यांचा अनुभव खोटा नाही. पण ज्या बाळांना काहीच बांधलं नाही त्यांचीही बेंबी तशीच, तेवढ्याच काळात आत गेली असती. जे आपोआप बरं होतं त्याचं श्रेय कोणत्याही उपायाला देता येतं, आणि म्हणूनच नाणं, बटण, पट्टा बांधायचा हा सल्ला जगभर पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहे. नाणं टेकवून वाट बंद होत नाही, फुगार फक्त झाकला जातो. त्याखालची नाजूक कातडी मात्र घामानं ओलसर राहते, घासते, सोलवटते, आणि तिथे जंतू शिरले तर बेंबीला लागण होते. चिकटपट्टी काढताना कातडी ओढली जाते ती वेगळीच. पट्टा घट्ट असेल तर दूध प्यायल्यावर बाळाला अस्वस्थ होतं, उलटी होते. सुटलेलं नाणं हातात आलं की बाळ ते तोंडात घालतं. आणि मला सगळ्यात खटकते ती ही गोष्ट, की पट्ट्याखाली काय चाललंय ते दिसत नाही. आतडं अडकलं तर पहिले काही तास हातचे जातात.

काही ठिकाणी, उदाहरणार्थ जपानमध्ये, डॉक्टर स्वतः तान्ह्या बाळाच्या बेंबीवर कापूस ठेवून खास वैद्यकीय चिकटपट्टीनं दाब देतात आणि ठरावीक दिवसांनी कातडी तपासतात. ती त्यांच्या देखरेखीखालची गोष्ट. घरी नाणं बांधणं म्हणजे ती नव्हे.

सासूबाईंशी वाद घालू नका. ‘आई, डॉक्टर म्हणाले, उघडी ठेवली की आपल्याला रोज बघता येईल, आणि तुमची नजर माझ्यापेक्षा तयार आहे’ असं म्हणून बघा. हे त्यांना बरं वाटावं म्हणून सुचवत नाही, खरंच त्यांच्या अनुभवी नजरेचा इथे उपयोग आहे. पुढची लक्षणं त्यांनाही वाचून दाखवा, म्हणजे तुम्ही झोपलेल्या असताना घरात कोणीतरी जाणतं जागं असेल.

फुगार एरवी मऊ असतो आणि बाळ शांत झालं की आत जातो. तो कडक झाला, बाळ शांत झाल्यावरही आत गेला नाही, हात लावताच बाळ किंचाळलं, वरची कातडी लाल, जांभळी किंवा काळपट झाली, तर लगेच दवाखान्यात न्या, रात्र असली तरी. सोबत वारंवार उलट्या, फुगलेलं पोट, थांबतच नाही असं रडणं, किंवा उलट बाळ एकदम मलूल पडणं, शीतून रक्त जाणं, यातलं काही असेल तर एक मिनिटही घालवू नका. आतडं त्या वाटेत अडकून त्याचा रक्तपुरवठा थांबल्याची ही चिन्हं असू शकतात. कडक फुगार घरी दाबून आत ढकलायला जाऊ नका. निघताना डॉक्टरांना फोन करा आणि बाळाला पाजायचं की नाही ते विचारा. तान्ह्या बाळाला हिरवी उलटी झाली तर बेंबीचं काय चाललंय ते न बघताही तातडीनं न्यायचं असतं. असं अडकणं बेंबीच्या हर्नियात फार क्वचित होतं, पण माहीत असावं.

जांघेतल्या हर्नियाचं तसं नाही. मुलाच्या जांघेत किंवा वृषणाच्या पिशवीत रडताना गाठ दिसली, तर ती ‘आपोआप जाईल’ म्हणून सोडायची नसते. तो हर्निया स्वतःहून मिटत नाही आणि त्यात आतडं अडकायचा धोका बराच जास्त असतो. तो सर्जनला लवकरच दाखवावा लागतो. बेंबीच्या थोडं वर, पोटाच्या मधल्या रेषेत वेगळी गाठ येत असेल तर तीही डॉक्टरांना दाखवा, तिथल्या वाटा सहसा मिटत नाहीत. आणि नाळ पडल्यावर बेंबीत ओलसर, गुलाबी मांसाचा कण दिसणं, किंवा बेंबीभोवती लाली पसरून पू आणि दुर्गंधी येणं, हे हर्निया नव्हेत. गुलाबी कणावर सोपे उपचार आहेत, पण पसरणारी लाली त्याच दिवशी दाखवायला हवी.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, म्हणून मीच विचारते. बाळाची कावीळ खूप दिवस रेंगाळली होती का? ते फार सुस्त असतं, दूध ओढताना पटकन दमतं, शी अगदी घट्ट होते, रडण्याचा आवाज घोगरा आहे, जीभ मोठी वाटते, असं काही आहे का? क्वचित बेंबीचा हर्निया थायरॉइड कमी असल्याच्या लक्षणांपैकी एक असतो, आणि ते वेळेत ओळखून रोजची गोळी सुरू केली तर बाळाची बौद्धिक वाढ वाचते. जन्मानंतर टाचेतून किंवा नाळेतून थोडं रक्त घेऊन थायरॉइडची चाचणी करतात. तुमच्या बाळाची झाली होती का आणि निकाल काय आला, ते कागद काढून बघा. यातलं काहीच नसेल आणि बाळ नीट पितं, हसतं, वजन धरतं, तर हर्नियासाठी वेगळ्या रक्ततपासणीची किंवा सोनोग्राफीची गरज नाही.

बाकी बाळाचं सगळं इतर बाळांसारखंच चालू दे. अंघोळ रोजच्यासारखी घाला, बेंबीची घडी मऊ कपड्यानं टिपून कोरडी ठेवा, तिच्यात तेल किंवा पावडर भरू नका. लसी ठरलेल्या तारखांना द्या, हर्नियामुळे एकही पुढे ढकलायची नाही. लंगोटाची कड बेंबीवर घासत असेल तर दुमडून खाली घ्या. जागं असताना, कोणी समोर बसलेलं असताना बाळाला दिवसातून काही वेळा पालथं जरूर ठेवा. बेंबी दाबली जाईल म्हणून पुष्कळ घरांत हे टाळतात आणि बाळाची मान, खांदे मागे पडतात. पालथं घातल्यावर सुरुवातीला तो कुरकुरेल, तेव्हा दोन-तीन मिनिटांपासून सुरुवात करा, आणि झोप आली की परत पाठीवर.